पांढरे क्लोव्हर आणि लाल क्लोव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही दोन वेगळी झाडे आहेत, की एकाच झाडाचे दोन रंग?

वेगळी. क्लोव्हर म्हणजे कुरणात आणि हिरवळीत वाढणारे, शेंगवर्गातले, तीन पर्णिकांचे रोप. दोन्ही ट्रायफोलियम या एकाच प्रजातीतली (जीनसमधली) भावंडे आहेत, पण जाती दोन आहेत. पांढऱ्याचे शास्त्रीय नाव ट्रायफोलियम रेपेन्स, लालचे ट्रायफोलियम प्राटेन्स. ट्रायफोलियम म्हणजे तीन पानांचे. रेपेन्स म्हणजे रांगणारे आणि प्राटेन्स म्हणजे कुरणातले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ही नावे दिली तेव्हा पांढऱ्या जातीला रंगावरून नव्हे, तर तिच्या चालीवरून नाव दिले. पुढची बहुतेक उत्तरे त्या 'रांगण्या'पाशीच येऊन थांबतात, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

या प्रजातीत जगभरात अडीचशेच्या आसपास जाती आहेत. चाऱ्याचे बरसीम त्यातलेच. मेथी आणि लसूणघास मात्र वेगळ्या प्रजातींतली, जवळच्या नात्यातली. मेथीचे पान डोळ्यांपुढे आणले की नाते लगेच पटते.

समोर झाड आहे, फूल नाही. कसे ओळखू?

खाली बसा आणि खोड कुठे जाते ते पाहा. पांढऱ्या क्लोव्हरचे खोड जमिनीला चिकटून सरपटत जाते आणि पेरापेरांतून मुळे सोडते. एक पान धरून हळूच ओढले तर देठ सरळ खाली जाऊन आडव्या दोरीसारख्या खोडाला जोडलेला दिसतो. ती दोरी उचलायला गेलात की जागोजागी मुळे तुटल्याचा बारीक आवाज येतो. लाल क्लोव्हरची खोडे मात्र एकाच गड्ड्यातून निघून वर उठतात, त्यांना फांद्या फुटतात आणि पाने त्या उभ्या खोडावर लागतात.

दुसरी खूण बोटांना कळते. लालच्या खोडावर आणि पानांवर लव असते, पांढऱ्याचे पान गुळगुळीत. पानाच्या देठाशी, खोडाला लागून जी दोन पातळ उपपर्णे असतात, तीही पाहण्यासारखी आहेत. लालमध्ये ती मोठी, फिकट, बहुधा हिरव्या किंवा तांबूस शिरांची असतात आणि टोकाशी एकदम केसासारखी बारीक होतात. पांढऱ्यात ती लहान आणि पापुद्र्यासारखी.

पर्णिकांचा, म्हणजे एका पानाच्या तीन भागांचा, आकारही मदत करतो. पांढऱ्याच्या पर्णिका गोलसर, टोकाशी बहुधा किंचित खाच असलेल्या. लालच्या लांबट अंड्यासारख्या. पण नुकतेच उगवलेले रोप हातात असेल तर एवढ्यावर निर्णय देऊ नका. लव पाहा.

फूल आहे, मग तर सोपे ना? पांढरे ते पांढरे, लाल ते लाल.

नाही, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पांढऱ्या क्लोव्हरच्या गोंड्यावर बऱ्याचदा गुलाबी झाक असते, विशेषतः फुले जुनी झाली की. 'लाल' क्लोव्हर मुळात लाल नाहीच. ते जांभळट गुलाबी असते, आणि क्वचित त्याची पांढऱ्या फुलांची झाडेही सापडतात.

रंग सोडा, गोंड्याखाली काय आहे ते पाहा. लालचा गोंडा पानांच्या जोडीवर थेट बसवल्यासारखा असतो. पांढऱ्याचा गोंडा लांब, उघड्या दांडीवर असतो आणि त्या दांडीला एकही पान नसते. शिवाय पांढऱ्याच्या प्रत्येक बारीक फुलाला स्वतःचा चिमुकला देठ असतो. परागीभवन झाले की ते फूल खाली मान टाकते आणि तपकिरी होते. म्हणून पांढऱ्याच्या गोंड्यात बऱ्याचदा वर ताजी, उभी फुले आणि खाली लोंबणारी सुकलेली झालर दिसते. मला ही खूण सर्वांत आवडते, कारण ती ओळख तर पटवतेच, वर त्या गोंड्यावर माशा किती वेळा येऊन गेल्या याचा हिशेबही दाखवते.

दोन्हींच्या मधले काहीतरी दिसते आहे: उभे झाड, गुळगुळीत पान, गुलाबी-पांढरे फूल. हा संकर असेल का?

ते बहुधा अल्साइक क्लोव्हर आहे. लिनियसलाही ते दोन्हींच्या मधले वाटले आणि त्याने त्याचे नाव ट्रायफोलियम हायब्रिडम ठेवले. पण ते संकर नाही, स्वतंत्र जात आहे. अल्साइक हे नाव स्वीडनमधल्या एका गावाचे. खोड उभे पण पेरांतून मुळे न सोडणारे, गोंडा देठावर, पानावर फिकट खूण नाही, अशी त्याची लक्षणे. घोडे पाळणाऱ्यांनी हे ओळखायला शिकलेच पाहिजे, कारण अल्साइक जास्त खाण्यात आले तर घोड्यांचे यकृत बिघडते आणि उन्हाने कातडी भाजल्यासारखी होते.

पानावरची पांढरी, बाणासारखी खूण कोणाची?

दोघांचीही. काही झाडांवर ठळक, काहींवर पुसट, काहींवर अजिबात नाही. ती पाहायला सुंदर आहे, पण ओळखीसाठी उपयोगी नाही.

आंबुशी आणि क्लोव्हर यांत गोंधळ होतो. फरक काय?

आंबुशीच्या पर्णिका बदामी आकाराच्या असतात, मधोमध घडी पडलेल्या, आणि चव आंबट. फूल पाच पाकळ्यांचे, साधे, गोंडा नसतो. क्लोव्हरचे प्रत्येक बारीक फूल वाटाण्याच्या फुलासारखे, फुलपाखरी घडणीचे असते. दोन्हींचे कुळच वेगळे.

गोड क्लोव्हर म्हणतात तेही खरे क्लोव्हर नाही, ते मेलिलोटस. बुरशी लागलेल्या गोड क्लोव्हरच्या वाळल्या चाऱ्याने जनावरांचे रक्त गोठत नाही, हे प्रकरण त्याचे आहे. तो दोष पांढऱ्या किंवा लाल क्लोव्हरवर टाकू नये.

एक रांगते, एक उभे राहते. एवढ्याने व्यवहारात काय फरक पडतो?

सगळाच पडतो.

पांढऱ्या क्लोव्हरची वाढीची टोके जमिनीलगत असतात. गाय चरली, कापणी यंत्र फिरले, तरी जाते ते पान आणि फूल. खोड खालीच राहते आणि पुढे सरकत नवी पाने काढते. बीपासून आलेल्या रोपाचे सोटमूळ एक-दोन वर्षांत मरून जाते, पण तोवर आडव्या खोडांनी ठिकठिकाणी आपली मुळे धरलेली असतात. मूळ झाड मागून संपत जाते आणि पुढून चालत राहते. त्यामुळे एकाच कुरणात पांढरे क्लोव्हर वर्षानुवर्षे टिकते, पण आज जिथे दाट आहे तिथे पुढच्या वर्षी विरळ आणि दुसरीकडे दाट, असे त्याचे ठिपके फिरत राहतात. नव्याने पाहणाऱ्याला वाटते पीक मेले. ते मेलेले नसते, सरकलेले असते.

लाल क्लोव्हरचा सगळा जीव त्या एका गड्ड्यात आणि खाली खोल गेलेल्या जाड सोटमुळात. कापणी झाली की साठवलेल्या अन्नावर ते पुन्हा जोमाने उठते, पण कापण्यांमध्ये पुरेसा अवधी हवा. रोज खुरटून चरले, गड्डा तुडवला गेला किंवा फार खालून कापला, तर झाड संपले. त्याच्याकडे दुसरी जागा नाही. तसेही ते दोन-तीन वर्षांचेच सोबती. गड्ड्यात आणि मुळात रोग शिरले की विरळ होत जाते. याउलट कोरड्या काळात तेच सोटमूळ खालचा ओलावा ओढते, तर उथळ मुळांचे पांढरे क्लोव्हर लवकर कोमेजते.

म्हणून चराईला पांढरे, कापणीला लाल. या जुन्या शहाणपणामागचे कारण एवढेच.

दोन्हींचा संकर होतो का?

निसर्गात नाही. लालमध्ये १४ गुणसूत्रे असतात, पांढऱ्यात ३२. पैदासकार लालची गुणसूत्रे दुप्पट करून २८ गुणसूत्रांचे वाणही तयार करतात. त्यांची पाने मोठी आणि बी जड असते.

पांढऱ्याचा ३२ हा आकडा कुठून आला याची गोष्ट फार सुंदर आहे. पांढरे क्लोव्हर स्वतःच एका जुन्या संकरातून जन्मले आहे. एक पालक ट्रायफोलियम ऑक्सिडेंटाले, समुद्रकाठचे. दुसरा ट्रायफोलियम पॅलेसेन्स, उंच डोंगरावरचे. दोघांची गुणसूत्रे १६-१६. एरवी या दोघांची गाठ पडण्याचे कारण नाही, पण गेल्या हिमयुगात थंडीने डोंगरावरची जात खाली ढकलली गेली आणि दोघे एकत्र आले, असे जनुकीय अभ्यासावरून मानले जाते. दोन्ही पालकांची पूर्ण गुणसूत्रे लेकराने जपून ठेवली. आज दोन्ही पालक आपापल्या अरुंद पट्ट्यात आहेत आणि लेकरू जवळजवळ सर्व खंडांवर पोचले आहे.

मधमाश्यांसाठी कोणते चांगले?

मधमाशी म्हणत असाल तर पांढरे. बंबलबी, म्हणजे ती जाड, केसाळ अंगाची माशी, म्हणत असाल तर लाल.

सगळे गणित फुलाच्या नळीच्या लांबीचे. लालची नळी साधारण ९ ते १० मिलिमीटर खोल असते आणि मध तळाशी. मधमाशीची जीभ सहा-सात मिलिमीटरची, ती तळापर्यंत पोचत नाही. लांब जिभेच्या बंबलबी मात्र आरामात पोचतात. आखूड जिभेच्या काही बंबलबी नळीला बाहेरून भोक पाडून मध पळवतात आणि मग त्या भोकातून मधमाश्याही पितात. अशाने फुलाचे काम होत नाही. पराग गोळा करायला मधमाशी लालवर येतेच, तेव्हा ती अगदीच निरुपयोगी नाही. पांढऱ्याची फुले आखूड असल्यामुळे तिथे तिला अडचण येत नाही, आणि थंड-समशीतोष्ण प्रदेशांत मधाचा तो एक मोठा स्रोत आहे.

दोन्ही झाडे स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत. डार्विनने हे मोजून दाखवले. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या नंतरच्या आवृत्त्यांत त्याचे आकडे आहेत: पांढऱ्याच्या २० गोंड्यांतून २,२९० बिया मिळाल्या, लालच्या १०० गोंड्यांतून २,७००, आणि माश्यांपासून झाकून ठेवलेल्या तितक्याच गोंड्यांतून दोन्हीकडे एकही नाही. भागाकार करून पाहा. पांढऱ्याच्या गोंड्यामागे ११४, लालच्या गोंड्यामागे २७. पांढऱ्याच्या बारीक शेंगेत तीन-चार बिया असतात, लालच्या शेंगेत बहुधा एकच, म्हणून एवढी तफावत.

याचा मोठा धडा न्यूझीलंडला मिळाला. तिथे नेलेले लाल क्लोव्हर वाढे, फुले, पण बी जेमतेम धरे, कारण लांब जिभेची माशीच तिथे नव्हती. १८८५ मध्ये इंग्लंडहून बंबलबी नेऊन सोडल्या आणि बी धरू लागले. बियाणे घेण्यासाठी लाल लावणार असाल तर आधी आसपास बंबलबी आहेत का ते पाहा.

जमिनीला नत्र कोण जास्त देते?

चांगल्या उभ्या पिकात दोघेही हेक्टरी वर्षाला शंभर-दोनशे किलो नत्र हवेतून बांधतात. लाल क्लोव्हर एकट्याने दाट वाढते आणि चारा जास्त देते, त्यामुळे थोड्या काळात त्याची बाजू वरचढ ठरते. पांढरे गवताबरोबर वर्षानुवर्षे राहून देत राहते.

काम खरे तर मुळांवरच्या गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंचे. शेंगवर्गीय झाडांच्या गाठी नत्र बांधतात हे हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये जाहीर केले, त्याआधी शतकानुशतके शेतकरी क्लोव्हरनंतरचे धान्य चांगले येते हे नुसते पाहत आले होते. दोन्ही क्लोव्हरना एकाच गटाचा जिवाणू चालतो, लसूणघासाचा चालत नाही. संवर्धक, म्हणजे बियाण्याला लावायचे जिवाणू, घेताना पाकिटावर पीक वाचून घ्या. गाठी काम करतात का हे पाहायचे तर एक गाठ नखाने फोडा: आत गुलाबी असेल तर काम चालू आहे, हिरवट किंवा करडी असेल तर बंद.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. क्लोव्हर शेजारच्या गवताला जिवंतपणी फारसे नत्र वाटत नाही. मुळे, गाठी, जुनी खोडे कुजली की, किंवा जनावराच्या शेण-मुतातून, ते जमिनीत येते. लाल क्लोव्हर उभे असताना शेजारी फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका. ते गाडल्यावर येणारे पीक पाहा. आणि युरिया टाकत राहिलात तर झाड गाठींकडे दुर्लक्ष करते आणि गवत त्याला झाकून टाकते.

जनावरांना यांतले धोक्याचे कोणते?

पोटफुगीच्या बाबतीत दोन्ही धोक्याची आहेत, आणि ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. कोवळ्या क्लोव्हरमधल्या विरघळणाऱ्या प्रथिनांचा पोटात घट्ट फेस होतो, वायू त्यात अडकतो आणि जनावराला ढेकर देता येत नाही. डावी कूस फुगते, आणि थोड्या वेळात जनावर दगावू शकते. भुकेल्या जनावराला ओल्या, कोवळ्या क्लोव्हरवर सोडू नये. आधी वाळला चारा द्यावा, सवय हळूहळू लावावी, आणि कुरणात गवताचा वाटा मोठा ठेवावा. कूस फुगलेली दिसली तर पशुवैद्याला लगेच बोलवा.

बाकीच्या बाबतीत दोघांचे दोष वेगळे आहेत. लालमध्ये फॉर्मोनोनेटिनसारखी संप्रेरकांची नक्कल करणारी द्रव्ये असतात. मेंढीच्या पोटात त्यांचे इक्वॉल नावाचे द्रव्य होते आणि गाभ राहण्याचे प्रमाण घटते. म्हणून पैदाशीच्या मेंढ्यांना मीलनाच्या आधी आणि नंतर सुमारे सहा आठवडे लाल क्लोव्हरपासून दूर ठेवतात. गायींवर हा परिणाम फारच कमी. दुसरे असे, की लालच्या पानावर काळ्या डागांची एक बुरशी येते. तो चारा खाल्ला की घोड्याच्या तोंडातून लाळेच्या धारा लागतात. चारा बदलला की थांबते.

पांढऱ्याच्या काही झाडांत पान चिरडले की हायड्रोजन सायनाइड तयार होते. पेशीत एका जागी साखर जोडलेले द्रव्य, दुसऱ्या जागी ते फोडणारे विकर (एन्झाइम). गोगलगाय चावते तेव्हा दोन्ही एकत्र येतात. गुरांना एवढ्याने सहसा काही होत नाही. झाडांच्या दृष्टीने मात्र हे फार महत्त्वाचे. थंड प्रदेशांत अशी विषारी झाडे कमी आणि उबदार प्रदेशांत जास्त सापडतात. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जगभरातल्या १६० शहरांचा अभ्यास आला. त्यात अनेक ठिकाणी शहराच्या मध्यापासून खेड्याकडे जाताना या झाडांचे प्रमाण बदलत गेलेले दिसले. पायाखालचे एक साधे रोप माणसाच्या वस्तीला प्रतिसाद देत बदलते आहे, हे वाचल्यापासून मी कुठल्याही फूटपाथच्या कडेचे क्लोव्हर ओलांडून जाऊ शकलेलो नाही.

मुरघासाला (हवाबंद साठवलेल्या हिरव्या चाऱ्याला) कोणते?

लाल. ते उंच वाढते, कापून गोळा करता येते. शिवाय त्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर भरपूर असते. कापलेले पान तपकिरी पडते ते त्यामुळेच. त्याच प्रक्रियेत प्रथिने बांधली जातात आणि खड्ड्यात त्यांची नासाडी कमी होते. पांढऱ्यात हे विकर नगण्य.

हिरवळीसाठी?

पांढरे. कापणी सोसते, तुडवणे बऱ्यापैकी सोसते, स्वतःचे नत्र स्वतः आणते. एके काळी हिरवळीच्या बियाण्यात ते मुद्दाम मिसळत. १९४० च्या दशकात २,४-डी हे रुंद पानांचे तणनाशक आले, त्यात क्लोव्हरही मरत असे, आणि मग ते 'तण' ठरले. फुलांवर माश्या येतात, म्हणून जिथे अनवाणी चालायचे तिथे फुलण्याआधी कापत राहा.

चार पानांचे क्लोव्हर कोणत्या जातीत मिळते?

दोन्हींत, पण लोक शोधतात ते पांढऱ्यात. हजारोंत एखादे सापडते. एकाच झाडाला पुन्हा पुन्हा चार पर्णिका येण्याचा कल असतो, म्हणून एक सापडले की त्याच दोरीवर पुढे पाहावे. ५६ पर्णिकांचे पान जपानमधल्या हानामाकी इथे २००९ मध्ये नोंदवले गेले आहे.

लाल क्लोव्हरच्या गोळ्या रजोनिवृत्तीच्या त्रासावर चालतात का?

मेंढ्यांना त्रास देणारी तीच द्रव्ये या गोळ्यांत असतात. माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. संप्रेरकांशी संबंधित कर्करोग झालेला असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पांढऱ्यात ही द्रव्ये एरवी कमीच असतात.

एकाच जमिनीत लाल पुन्हा पुन्हा घेतले तर?

जमीन 'कंटाळते'. स्क्लेरोटिनिया बुरशीच्या गाठी आणि खोडातले सूत्रकृमी साठत जातात आणि नवे पीक जागोजागी कुजते. पाच-सहा वर्षांची फेरपालट ठेवा. पांढऱ्याला हा त्रास तुलनेने कमी.

पेरताना दोन्हींना एकच पद्धत चालेल का?

जवळजवळ. मात्र बी हातात घेऊन पाहा. पांढऱ्याचे बी पिवळे, बदामी आकाराचे आणि इतके बारीक की हजार बिया मिळून पाऊण ग्रॅमही भरत नाहीत. लालचे बी पिवळे-जांभळे, दुरंगी, आणि दुपटीहून जड. म्हणून वजनावर पेरलेत तर पांढऱ्याची रोपे कितीतरी जास्त होतात. गवताच्या मिश्रणात हेक्टरी दोन-चार किलो पांढरे पुरते.

दोन्ही एक सेंटीमीटरपेक्षा खोल टाकू नका. पांढऱ्याला तर वरच टाकून जमीन दाबून घेतली तरी चालते, उलट भुसभुशीत मातीत ते खोल जाऊन वर येतच नाही. फार आम्ल जमीन दोघांनाही सोसत नाही, आणि पाणी साचणारी जमीन लालला लवकर मारते. जुने बी असेल तर काही बिया कडक कवचामुळे यंदा उगवणार नाहीत. त्या फेकू नका. जमिनीत पडून राहून त्या पुढच्या कुठल्यातरी वर्षी वर येतात.